रुक्मीची बहीण

प्रिय दादा,

आज भाऊबीज. ज्या बाईला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळायचं, ही आपल्याकडची रीत. तू अमरावतीत धडधाकट होतास, अंबादेवीच्या वाटेवर फुलांचं दुकान मांडून बसत होतास, आणि मी अकोल्यात गच्चीवर उभी राहून वर्षानुवर्षं चंद्राला ओवाळत होते. शेजारणींना वाटायचं, हिला भाऊच नसेल. या वर्षी खरोखरच नाहीस. आता तो चंद्र माझ्या हक्काचा झाला, तर ताट घेऊन जिना चढवेना. निरांजन तसंच विझू दिलं आणि हे लिहायला बसले.

दुसरंही एक कारण आहे. प्रकाशक मागे लागलेत. नव्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण अडून बसलंय, आणि ते कोणामुळे अडलंय हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

तू माझं लग्न ठरवलं होतंस. मुलगा चांगला होता, संत्र्याची बाग होती, सगळं मान्य. पण मला सुधीर हवा होता आणि तू ऐकून घ्यायला तयार नव्हतास. एका सकाळी देवीला जाऊन येते म्हणून निघाले, ती देवळातूनच त्याच्याबरोबर अकोल्याच्या गाडीत बसले. याच देवळातून रुक्मिणी कृष्णाच्या रथात बसली, हे अमरावतीतलं शेंबडं पोरही सांगतं. बाजाराला आयतंच सापडलं. मी रुक्मिणी झाले आणि तू तिचा भाऊ रुक्मी. तुझ्याकडून हार घेता घेता लोक विचारायचे, ‘काय रुक्मीभाऊ, लागला काय पत्ता?’

त्या रुक्मीची मिशी कृष्णानं रणात भादरली होती. तुझी तूच उतरवलीस. घरातलं माणूस गेल्यावर उतरवतात तशी. पुन्हा कधी ठेवली नाहीस. आणि अकोल्यात पाय ठेवणार नाही असं चार माणसांत बोलून बसलास. मीही तुझीच बहीण. तू ‘ये’ म्हटल्याशिवाय उंबरा चढणार नाही, असं मनाशी ठरवून टाकलं. अमरावती-अकोला दोन तासांचा रस्ता, दादा. दोन तासांचा!

पुढे मी रुक्मिणीवर कादंबरी लिहिली. माझी रुक्मिणी पोथीतल्यासारखी नम्र नव्हती. तिला मतं होती, राग होता, स्वतःचं लग्न स्वतः ठरवण्याची हिंमत होती. बायकांनी ते पुस्तक डोक्यावर घेतलं. कॉलेजातल्या माझ्या विद्यार्थिनी त्यातले उतारे पाठ म्हणायच्या. रुक्मीला मी दोन पानं दिली होती. तलवार उपसून येतो, गर्जना करतो, मिशी गमावतो, संपला.

मग तुझा फोन आला. इतक्या वर्षांनी. कशी आहेस नाही, पोरं काय करतात नाही.

“पुस्तक वाचलं तुह्यं. तुह्या वहिनीनं आनलं होतं.”

“बरं मग?” एवढंच निघालं तोंडातून.

“चांगलं हाय. पन त्या रुक्मीले मानूस कावून नाई केलं?”

“पुराणात तो तसाच आहे, दादा.”

“पुरानात रुक्मिनी तरी कुठं इतकी बोलते? तिले तोंड देलं तुनं. मंग त्याले कावून नाई?”

फोन ठेवल्यावर सुधीरजवळ तुझ्या नावानं खूप बोटं मोडली. राग आला होता, कारण तुझं खरं होतं. पोथीतल्या बाईला नवं मन देताना मला कोणाची परवानगी लागली नव्हती. भावाच्या वेळी मात्र मी मुकाट पोथीच्या मागे जाऊन उभी राहिले.

त्यानंतर तू दर रविवारी फोन करायला लागलास. दुकान आवरलं की. मी त्या वेळेला कोणाकडे जात नव्हते, हे तुला कधी सांगितलं नाही. सुधीरला तू ‘द्वारकावाला’ म्हणायचास. “तुह्या द्वारकेत नळाले पानी येते काय?” हे तुझं माझी खुशाली विचारणं. बाकी सगळं बोलणं रुक्मीचं. बहिणीला परत आणल्याशिवाय घरी येणार नाही असं बोलून तो गेला, हरला, म्हणून बापाच्या कौंडण्यपूरला परतलाच नाही. आपल्या अमरावतीशेजारच्या भातकुलीलाच लोक भोजकट म्हणतात, तिथं त्यानं नवं गाव वसवलं. “बहीन गेली त गेली, घरबी गेलं त्याचं,” तू म्हणाला होतास.

एकदा म्हणालास, “दुश्मनाच्या घरी कोनी आपली पोरगी देते काय? त्यानं देली. बहिनीच्या पोराले देली. मंग नातबी तिच्याच नातवाले देली. कावून देली असन, सांग बरं?”

हेही पुराणातच होतं, दादा. मी वाचलेलं होतं आणि ओलांडून गेले होते. तिथून नव्या कादंबरीला सुरुवात झाली. रुक्मीची कादंबरी, भोजकटची.

आणि ते चिठ्ठीचं भांडण आठवतं?

“तिनं द्वारकेले चिठ्ठी धाडली. घरातल्या भावाले एक ओळ लिवली असती त का झालं असतं?”

“लिहिली असती तर भावानं बाहेरून कडी लावली असती.”

 

“लावली असती,” तू म्हणालास. “पन वाचली त असती.”

आपण त्या दोघांच्या आडून बोलत होतो, हे दोघांनाही कळत होतं. मग एकानंही समोर का येऊ नये?

शेवटचं प्रकरण लग्नाचं होतं. रुक्मीच्या नातीचं लग्न, भोजकटला. लग्नघरी सोंगट्यांचा डाव रंगतो, भांडण होतं आणि रुक्मिणीचा थोरला दीर बलराम तिच्या भावाला तिथंच ठार करतो. कृष्ण बरं बोलला नाही की वाईट बोलला नाही, एवढं पोथी सांगते. रुक्मिणीनं काय केलं, त्यावर अक्षर नाही. मी तुला माझी कल्पना सांगितली. ती उठते, पदर सावरते आणि कोणाकडेही न बघता मांडवाबाहेर निघून जाते. मला ते फार करारी वाटत होतं.

“रडते का नाई थे?” तू विचारलंस.

“राणी आहे ती, दादा. सासरच्या माणसांपुढे कशी रडेल?”

“राजाची रानी असन. बहीन हाय का नाई?”

बघते म्हटलं. आपलं शेवटचं बोलणं ते. पुढच्या रविवारी तुझ्या नंबरावरून फोन वाजला आणि पलीकडे वहिनी होती. दुकानासाठी शेतात लावलेल्या झेंडूच्या ओळीतच तू कोसळला होतास. झेंडूला तेव्हा नुसत्या कळ्या होत्या.

मी उंबरा चढले, दादा. तुझ्या ‘ये’वाचून चढले. अंगणात तुला ठेवलं होतं. चेहऱ्याकडे पाहिलं आणि आधी मिशीच शोधली.

तिसऱ्या दिवशी वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “बाई, दर भाऊबीजेले हे कौंडण्यपूरले, रुक्मिनीच्या देवळात जायेत. लुगडं घेऊन. पुजाऱ्यानं विचारलं, कोनाची ओटी, त म्हनत, बहिनीची.”

मी म्हटलं, कोणत्या बहिणीची?

“थेच मीबी विचारलं एक डाव. त म्हने, रुक्मिनीचा भाऊ तिथं कधी आलाच नाई, तिले माहेरचं लुगडं कोन देईन? आन रंग मात्र तुमच्या आवडीचा घेत. जांभळा.”

वहिनी रडत होती. मला तुझा इतका संताप आला की रडूच आलं नाही. अरे, देवीला लुगड्यांची काय कमी होती? तिला सगळा मुलूख लुगडी नेसवतो. मी इथं चंद्राला ओवाळत होते आणि तू तिकडे नदीकाठी दगडाच्या पायाशी माझी ओवाळणी ठेवून परत फिरत होतास! असलं उलटं काम आपल्याच घरात होऊ शकतं. देवळातली लुगडी बाया प्रसाद म्हणून घेऊन जातात. माझी जांभळी लुगडी आता कोणाकोणाच्या अंगावर आहेत, कोणास ठाऊक. परवा एसटी स्टँडवर एका म्हातारीकडे मी इतकं बघत राहिले की तिनं विचारलं, “काय झालं व माय?” काय सांगणार होते तिला?

तुझा झेंडू दसऱ्याला निघाला. वहिनीनं माझ्यासाठी टोपलंभर पाठवला. दाराला तोरण लावलं नाही. पाण्यात घालून ठेवला आणि सुकेपर्यंत बघत बसले.

आता ऐक. पुढच्या भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळणार नाही. ताट घेऊन कौंडण्यपूरला जाईन, तू उभा राहायचास तिथं उभी राहीन. त्याआधी ते प्रकरण पुरं करीन, हा माझा शब्द. तुझा रुक्मी माणूस होईल. आणि रुक्मिणी पदर सावरून निघून जाणार नाही. सोंगट्या उधळून लावील, भावाचं डोकं मांडीवर घेईल आणि सगळ्या सासरासमोर रडेल, मोठ्यानं, माहेरच्या बोलीत.

तिच्या तोंडचं वाक्यही ठरलंय. तुझ्या अंगणात मी तेच ओरडत होते म्हणे. मला आठवत नाही, वहिनीनं सांगितलं.

“दादा, एक डाव ये म्हनला असता, त का झालं असतं रे?”

तुझी,
नंदी