आबांचं मशीन चालू असताना

४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला गेलं की दोघांनाही रडू फुटतं, म्हणून लिहितेय. आबांना जाऊन महिना झाला. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं, ते मनातून जात नाही. आता त्यांचा आवाजही आठवेनासा झालाय. डोळे मिटले की गळ्यातली टेप दिसते, चष्मा दिसतो, आवाज येत नाही. तू वर्षभर त्यांच्या शिलाईच्या दुकानात रेकॉर्डिंग करत होतास. नळांचे नि दारांचे आवाज जमवणारा माझा वेडा भाऊ अखेर कामी आला म्हणायचा. आबांचं बोलणं तेवढं पाठव. गिऱ्हाइकाशी घातलेली हुज्जतसुद्धा चालेल.

वेळेवर जेव, आणि मला विसरू नकोस.

ताई

११ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. चाळीस तासांचं रेकॉर्डिंग आहे आणि त्यात आबांचा एक शब्द नाही. आवाजांच्या प्रदर्शनासाठी मला नुसता मशीनचा आवाज हवा होता, आणि आबांची टकळी थांबायची नाही. म्हणून नाण्याएवढा चपटा माइक मशीनलाच चिकटवला. त्याला हवेतलं काही ऐकू येत नाही; तो ज्याला चिकटलाय त्याचीच थरथर ऐकू येते. वर मी आबांना दटावायचो, की जरा गप्प बसा, माझं लक्ष उडतं. ते ओशाळून गप्प व्हायचे.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुला दोन रट्टे द्यावेसे वाटले, खोटं कशाला बोलू. दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही. मग काल सुईत दोरा ओवताना आठवलं. नजर अधू झाल्यापासून आबा गाल मशीनच्या लोखंडाला टेकवूनच दोरा ओवायचे, आणि ओवताना सुईला शिव्या घालायचे. गाल लोखंडाला लागला म्हणजे तुझ्या माइकला ऐकू जात असेल ना? मला त्यातलं कळत नाही. मशीन थांबतं त्या जागा ऐक. कापून फेकल्या नसल्या म्हणजे मिळवली.

वाट बघतेय.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

त्या जागा मी बिनकामाच्या म्हणून बाजूला काढल्या होत्या, पुसल्या नव्हत्या, एवढंच नशीब. तुझं बरोबर होतं. भिंतीपलीकडून यावा तसा आवाज आहे, पण आबाच आहेत. सगळे तुकडे सोबत पाठवलेत. शिव्या ऐकून हसशील.

शेवटचा तुकडा मात्र एकटी असताना ऐकू नकोस. मशीन थांबलं की मी हेडफोन काढून बाहेर पाय मोकळे करायला जायचो. खाली वाकलेल्या आबांना ते कळायचं नाही. त्यात दोरा ओवून होतो, आणि लोखंडावरचा गाल न उचलताच आबा मला विचारतात, की आता बोललं तर चालेल का. जरा थांबतात. पुन्हा विचारतात. मग मशीन सुरू होतं.

पदरात घे.

धाकटा