तुमचा नमुना अजून फ्रीजरमध्ये आहे

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्यावरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही, हे आधीच सांगते. पनवेलच्या लॅबमध्ये मला पहिली नोकरी लागली, त्या रविवारी खांदा कॉलनीतल्या आपल्या घरी काका-काकू जेवायला आले होते. करंजा बंदरावरून आणलेल्या कोलंबीचं कालवण मी केलं होतं. मी वाढायला वाकते आणि तुम्ही पायानं ताट सरकवता. "लोकांचे मुताच्या बाटल्या धरतस ना? त्या हातानी मना वाढू नको." काकू हसल्या. फरशीवर सांडलेलं कालवण मीच पुसलं. त्यानंतर तुम्ही माझ्या हातचं पाणीसुद्धा प्यायला नाहीत.

मग दोनेक वर्षांनी तुमच्या मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशनला तुम्ही साफ नकार दिलात, "डोक्याला सुरी लावू देनार नाय." त्यामुळे तुकडा तपासता आला नाही आणि गाठ कुठल्या प्रकारची ते कळलंच नाही. शेवटी भरवायला आणि लघवीचं भांडं धरायला मीच होते, तेव्हा मात्र गुमान तोंड उघडलंत. आता आई सगळ्यांना सांगते, "ते नाय बोलत व्हते गो, त्यांचे डोक्यानची गाठ बोलत व्हती." किती सोयीचं! माणूस मेला की सगळं गाठीच्या नावावर खपवायचं.

हल्ली मी जिथे काम करते तिथे हेच शोधतात. गाठीच्या पेशी काय काय तयार करतात, आणि त्यातलं रक्तात, लघवीत, मणक्यातल्या पाण्यात काय उतरतं. त्यात एक आम्ल आहे. ते वाढलेलं असलं तर गाठ बहुधा सावकाश वाढणारी, वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहणारी. म्हणजे त्या रविवारीही ती डोक्यात असणार. नसलं, तर बहुधा काही महिन्यांत फोफावलेली, आणि ते शब्द तुमचेच. खात्रीनं कुणीच सांगणार नाही, पण मला तेवढं पुरेल. माझ्यावर उपकार केल्यासारखी सही करून तुम्ही संशोधनाला दिलेला लघवीचा नमुना आमच्या फ्रीजरमध्ये आहे. उद्या त्याची पाळी.

लॅबच्या मॅडमनी विचारलं, "यात तुझे वडील आहेत ना? दुसऱ्या कुणाला देऊ का?" मी नको म्हटलं. आईला वाटतं, मी तुमच्यावरचा डाग धुऊन काढणार. हे पत्र कुणाच्या हाती पडायचं नाही, म्हणून खरं लिहिते. ते आम्ल वाढलेलं सापडू नये असं मला वाटतंय. सापडलं तर तुम्हाला माफ करावं लागेल, आणि मला ते करायचं नाही.