शेवटची चार पानं

मेहकर, गुरुवार

आदरणीय अक्का,

धाकट्या भावाचा सविनय जयभीम. तुझा गुडघा कसा आहे? मिरच्या वाळत घालायला अजून तूच गच्चीवर चढतेस की आता सुनेला चढू देतेस? मी मजेत आहे. दोन वेळा पोटभर जेवतो. (हे मुद्दाम लिहिण्याचं कारण पुढे येईल.) खरं तर फोनच केला असता, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि मग माझी भानगड मलकापूरच्या अख्ख्या गल्लीला पाठ होते. म्हणून हे पत्र.

माझे शेजारी शंकरराव तुला आठवत असतील. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, तरी घरात चार माणसं जमली की अजून म्हणतात, पुढे सरका. त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस पालथं झोपायचं, मान वर करायची नाही, डोळ्याला ताण नको. आता असा बोलका माणूस पालथा पडलेला बघून कुणालाही दया येईल. मला आली. विहारात पावसाळ्यात वर्षावासाचं ग्रंथवाचन मीच करतो, आवाज बरा आहे (असं इतर लोक म्हणतात), तेव्हा रोज संध्याकाळी त्यांना कादंबरी वाचून दाखवायचं मी कबूल केलं. पुस्तक त्यांच्याच कपाटातलं. जुनं, कुठल्या तरी थंड मुलखातलं, मराठीत आणलेलं. सुरुवातीची पानं गायब, त्यामुळे नाव माहीत नाही. तुला सांगतो अक्का, माणसाच्या तोंडाकडे बघून वाचणं वेगळं आणि टाळूकडे बघून वाचणं वेगळं. समोरचा हसतोय, रडतोय की झोपलाय, काही कळत नाही.

गोष्ट अशी. एका गावात एक पोस्टमास्तर असतो. गिरणीवाल्या म्हातारीचा मुलगा लढाईत मेल्याची तार येते. मास्तरला तिची दया येते, तार तो दाबून ठेवतो आणि मुलाच्या नावाने स्वतःच पत्रं लिहू लागतो. म्हातारी त्या पत्रांवर जगते, गिरणी विकते आणि मुलाला भेटायला स्टेशनवर जाऊन बसते. बर्फ पडत असतो. मुलगा अर्थात येत नाही आणि म्हातारी तिथेच संपते. मास्तर जन्मभर स्वतःला माफ करू शकत नाही. अशा दयेपासून सांभाळून राहा, हे सांगायलाच तीनशे पानं लिहिलेली. मीही वाचता वाचता मधूनमधून शंकररावांना समजावत होतो, की करुणा वेगळी आणि दया वेगळी. करुणा समोरच्याचं दुःख बघते, दया आपल्याच जिवाची तगमग थांबवायला धावते.

आणि मग स्टेशनचा प्रसंग आला. म्हातारी बाकावर बसली आणि इकडे उशीतून सूं सूं ऐकू यायला लागलं. हा माणूस रडतोय, डोळ्याला ताण येणार, पडदा पुन्हा निसटणार. अक्का, मी पुस्तकावर हात ठेवला आणि मुलाला गाडीतून उतरवला. सामानासकट. मायलेकरं भेटली, गिरणी परत मिळाली, मास्तरला बढतीसुद्धा दिली. (नंतर कळलं, उशीत नाक दबल्यामुळे तो आवाज येत होता.) त्यांच्या सुनेने पुस्तक चाळलं तर पंचाईत, म्हणून शेवटची चार पानं ब्लेडने अलगद कापून माझ्या ट्रंकेत ठेवली. वाचन हीच ज्याची प्रतिष्ठा, त्या माणसाने हे केलं, आणि लिहिताना मला लाज वाटते आहे.

तिथेच संपलं असतं तर बरं होतं. पण शंकररावांनी गोष्ट फार मनावर घेतली. दयेपोटी थाप मारली की ती खरी होते, असा त्यांनी धडा घेतला. वरवट बकालला त्यांची मावसबहीण आहे, धम्मशीला, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, माझ्यासारखीच एकटी. पालथ्या पालथ्या त्यांनी तिला फोन लावला आणि सांगितलं, की धम्मरत्न तुझ्याशी लग्नाच्या आशेवर आहे, एक वेळच जेवतो. मला सांगितलं, की ती तुमच्या आशेवर आहे, नाही म्हणाल तर खचून जाईल. हे सगळं त्यांनीच मला अभिमानाने सांगितलं, आणि वर म्हणाले, "पोस्टमास्तरचं जमलं, मंग मह्यं काऊन नाही जमणार?"

रविवारी ती येते आहे. गोष्टीचा खरा शेवट सांगितला तर शंकररावांच्या डोळ्याला धोका, आणि नाही सांगितला तर माझ्या उरलेल्या आयुष्याला. बिचारी खचेल या भीतीने मी हो म्हणून टाकीन, अक्का, मी मला ओळखतो. आणि मग तिला कळलं, की आपल्याला कुणी कीव करून घरात आणलं, तर?

तुझा,
धम्मरत्न

ता.क. तेवढ्यासाठीच हे पत्र. रविवारच्या आत तू शंकररावांना फोन कर आणि घरच्यांचा नकार आहे म्हणून सांग. शक्यतो स्पीकर बंद ठेवून.

ता.क. २ (सोमवार). पत्र टाकायचं राहिलं. धम्मशीलाबाई येऊन गेल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "दादा, तीन वर्स झाले, मह्यं पुस्तक परत दे." पुस्तक त्यांचं होतं, अक्का. शंकररावांनी फोनवर त्यांना गोष्टीचा शेवटही सांगितला होता, तेव्हा सगळ्यांसमोर मला विचारलं, "त्या बाईचं पोरगं तर मेलेलं असते. तुम्ही त्याले गाडीतून कसं उतरवलं?" मी सगळं कबूल केलं, पानं कापल्याचं तेवढं सोडून. शंकरराव उशीतूनच म्हणाले, "मी काय काचेचा आहो का बे?" त्यांना वाईट वाटलं आणि मला त्याहून जास्त. डोळा मात्र शाबूत आहे. निघताना बाई म्हणाल्या, "तुमची कीव आली म्हणून नाही आली मी. पुस्तक घ्यायले आली. आन् तुम्ही एक वेळ जेवता असं तुमच्या पोटाकडे पाहून वाटत नाही." इतकं खरं माझ्याशी पाच-सहा वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

ता.क. ३ (मंगळवार). शंकररावांना फोन करू नकोस. काल रात्री बाईंचाच फोन आला. पुस्तकाची शेवटची चार पानं नाहीत. म्हणाल्या, आणून द्या. एकट्या पुरुषाने जाणं बरं दिसत नाही, तेव्हा गुडघा बरा असला तर येत्या रविवारी तू माझ्यासोबत वरवट बकालला चल. पानं टपालानेही पाठवता येतात, हे मला माहीत आहे.