शिंगावरचा गेरू

९ फेब्रुवारी
कड्याखाली गिधाड मेलेलं सापडलं. आता प्रत्येक जण आपापलं सांगेल. घडलं तसं राहावं म्हणून लिहिते.
जोडीतलं एकच उरलं. कपारीत पिल्लू. वनरक्षक म्हणाला, उरलेलं पिल्लाजवळ बसून आहे. तेही पठारावर टाकलेल्या त्याच मेलेल्या गाईवर उतरलं होतं का, माहीत नाही.
जेवले. झोप लागली.

१० फेब्रु.
गोशाळेत गेले. गिधाडांच्या समितीची सचिव मी, तेव्हा विचारणार मीच. ठरलेलं साधं होतं. गाय मेली की गोशाळा कळवणार, ग्रा.पं.चा ट्रॅक्टर पठारावर गिधाडांसाठी टाकणार, वनखातं नि कॉलेज लक्ष ठेवणार. दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलेली गाय मात्र वर जायची नाही. गिधाडांना ते विष. तिच्या शिंगाला गेरू लावायचा, मिठात पुरायची.
नानांना विचारलं. थोरले भाऊ म्हणून नाही, गाई तेच सांभाळतात म्हणून. त्या गाईला, चांदीला, इंजेक्शन दिलं होतं.
"तडफडी राहिंती ती, सुमन. गेरू बी लावा व्हता मी."
ती पहाटे गेली. तोवर नाना एरंडोलला, मयतीला.

११ फेब्रु.
वहिनींनी आपणहून सांगितलं. ट्रॅक्टर येण्याआधी चांदीला न्हाऊ घातलं, शिंगं घासली, हळदकुंकू वाहिलं. "तिले तशीच कशी धाडू? मन्ही पोर व्हती ती."
गेरू कशासाठी, त्यांना ठाऊक नव्हतं. नियम ठरला त्या बैठकीला घरच्या बायकांना कुणी बोलावलं नाही. मीही नाही.

१२ फेब्रु.
सगळ्यांची बैठक. चहा, बिस्किटं. गोशाळेचे अध्यक्ष म्हणाले, चूक कुणाची ते कळेना तर यापुढे बठ्ठ्या, एकूण एक गाई पुरू. कॉलेजच्या सरांनी विचारलं, मग ते पिल्लू खाईल काय. 
नाना उठले. गेरू लावायचा विसरलो म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही. वाटेत वहिनींबद्दल एवढंच, "तिनं नाव लेवू नको."

१३ फेब्रु.
वनरक्षकाबरोबर पठारावर, चांदीच्या सांगाड्याजवळ. शिंगाच्या मुळाशी, खाचेत, गेरू अजून आहे. म्हणजे नानांनी लावला होता.
नानांना काढतील, प्रकरण मिटेल. आणि पुढची गाय न्हाऊनच वर जाईल.
करवतीने शिंग कापून घेतलं. घरी वहिनींनी भाकरी वाढली. पिशवीत काय, विचारलं नाही. मी…

१४ फेब्रु.
सकाळी फोन: उरलेलं गिधाड कपारीत, मान खाली. झोपेत की कसं, दुर्बिणीतून कळत नाही.
धुळे, पशुवैद्यकीय प्रयोगशाळा. वनखात्याच्या साहेबांसमोर दिलं:
मेलेलं गिधाड, एक, बर्फाच्या पेटीत.
इंजेक्शनची रिकामी बाटली, गोशाळेतली, एक.
गाईचं शिंग, एक. मुळाशी गेरू, बाकी धुतलेलं. कुणी धुतलं, ते नावासकट सांगितलं.