एर्नेस्तोचा पाय

६ फेब्रु.
तळ्याच्या पार्कात एर्नेस्तो भेटला. कोलंबियाचा, माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच मुलीकडे आलाय, समोरच्या बिल्डिंगमध्ये. तो स्पॅनिश बोलतो, मी मराठी, मध्ये इथल्या अरबीतलं यल्ला नि खलास, म्हणजे 'चल' नि 'संपलं'. गप्पा मात्र तासभर. दोघंही बिनसाखरेचा चहा मागवतो म्हणून ओळख झाली. मधुमेह्यांचं गोत्र लगेच जुळतं.

९ फेब्रु.
लंगडत होता. बाकावर बसवून बूट काढायला लावला. करंगळीखाली जखम, कडेनं काळी. मी दाबलं तर त्याला कळलंसुद्धा नाही. त्यानं ओठांवर बोट ठेवलं, मग मुलीच्या खिडकीकडे दाखवलं. मी मान डोलावली. व्हिजिट व्हिसावर आलेल्या म्हाताऱ्यांचा नियमच आहे : दुखलं-खुपलं पोरांना सांगायचं नाही, इथल्या हॉस्पिटलचा भुर्दंड त्यांना नको. मीही पाळतोच.

१० फेब्रु.
जेवण गेलं नाही. दादाचा पाय असाच गेला, गुडघ्याखालून. तोही म्हणायचा, काही नाही रे.
संध्याकाळी मुग्धाला सांगून टाकलं. "बाबा, आत्ताच्या आत्ता त्यांच्या मुलीला सांगायला हवं!" म्हणाली. लेक माझी, पण आवाज तिच्या आईचा. दोघं गेलो. त्याची लेक कमिला, तिनं ऐकताच क्लिनिकला फोन लावला. एर्नेस्तोनं माझ्याकडे एकदा पाहिलं, आत निघून गेला. चहाडखोर ठरलो. ठरू दे.

१२ फेब्रु.
मुग्धा त्यांच्याबरोबर क्लिनिकला गेली होती. डॉक्टर इंग्रजीत विचारतात, एर्नेस्तो प्रत्येक प्रश्नाला "ओके, ओके". कमिला स्पॅनिशमध्ये सांगायची, पण पोरीसमोर बाप खरं कसं बोलणार? शेवटी एक मेक्सिकन नर्स सापडली. तिनं कमिलाला बाहेर पाठवलं, खुर्ची जवळ ओढली, त्याच्या भाषेत विचारलं. मग सगळं बाहेर आलं. पाऊल कधीचं बधिर. गोळ्या अर्ध्याच घ्यायचा, पुरवून पुरवून. ऐकून रडूच आलं मला.
मुग्धा : "बाबा, तुमच्या गोळ्या दाखवा."
दाखवल्या. ओरडा खाल्ला.

१३ फेब्रु.
त्याला ॲडमिट केलंय. पार्कात मी एकटाच. भेटायला येऊ का, विचारलं, तर कमिला म्हणाली, पापा अजून रागात आहेत. राग रास्त आहे. मला करमत नाही.

१५ फेब्रु.
आज ऑपरेशन. नुसतं बोट जाईल की पाऊल, आत गेल्यावरच कळेल म्हणतात.
सकाळी कमिलाचा फोन. "अंकल, पापा तुम्हाला बोलावतायत." धावतच गेलो. त्यानं माझा हात धरला नि त्याच्या भाषेत कितीतरी वेळ बोलत राहिला. कमिला अर्थ सांगायला लागली, मी थांबवलं. मग मी म्हटलं, "गाढवा, आधी बोलला असतास तर!" तो डोळे पुसत मान हलवत राहिला. त्याला आत नेलं.
कमिला विचारते, "अंकल, तुम्ही काय म्हणालात?"
"लवकर बाहेर ये, म्हटलं."
ती हसली. दोघं बसलोय. अजून कुणी बाहेर आलेलं नाही.