खंडीभर पुस्तकं आणि लाभाचा दाणा

मी, कुमारी पंचफुला यादोराव गभणे, वय वर्षे तेवीस, शिक्षण बी. ए., राहणार आंधळगाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा, आज घरापुढच्या सपरीत खांबाला पाठ टेकून, भर उजेडात, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की लालूच दाखवलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही; कारण यापूर्वी मरण्याचा विचार करायला सवडच मिळाली नाही, वाचायचे फार होते.

हे लिहिण्याचे कारण असे. माझ्या गळ्यात लिंबाएवढी गाठ आहे. येत्या अकरा तारखेला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ती काढायची आहे. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका थोडा. पण गाठ आवाजाच्या शिरेला लागून आहे, आवाज जाऊ शकतो, कदाचित कायमचा. त्यांनी कागदावर माझी सही घेतली. सही करता करता वाटले, दवाखान्याच्या कागदावर सही केली, तर स्वतःच्या कागदावरही करावी.

बाबांना सांगितले तेव्हा ते हसले. "पोरीजवळ वाटाले काय आहे वो? ना वावर, ना बैल."

"पेटी आहे ना बाबा. उचलून तर पाहा."

बाबांनी पत्र्याची पेटी कड्यांना धरून वीतभर उचलली आणि धपकन खाली ठेवली. "बापा! धान भरलं का दगड?"

तेव्हा इस्टेट आहे, हे माझ्या वडिलांच्या साक्षीने सिद्ध झाले. तिची वाटणी पुढीलप्रमाणे.

कलम एक. माझे बी. ए. चे प्रमाणपत्र बाबांकडे, यादोराव सोमाजी गभणे यांच्याकडे राहील. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. ते त्यांनी कॅलेंडरशेजारी टांगले आहे आणि पाहुणा आला की पाणी देण्याआधी ते दाखवतात. ते खाली काढू नये.

कलम दोन. माझी पोस्टाची बचत मायच्या चष्म्यासाठी वापरावी. तिला जवळचे नीट दिसत नाही आणि आता तिला जवळचे पाहायचे आहे. का, ते पुढे येईल.

कलम तीन. माझे शाईचे पेन माझा मोठा भाऊ कवडू याला द्यावे. तो वरठी स्टेशनवर रेल्वेत कामाला आहे. सोबत त्याची माफी. त्याचे रेल्वेचे वेळापत्रक १९८१ साली घरातून गेले, ते मीच घेतले होते, आणि पुस्तक म्हणून मोजले होते. ते कसे घडले हे सांगितल्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत, म्हणून इथे थोडे थांबते.

आमच्याकडे अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार ठरतो. एका अक्तीपासून पुढच्या अक्तीपर्यंत कोणाच्या वावरात राबायचे, ते त्या दिवशी पक्के होते. बाबा लग्नाआधी सात वर्षे असेच सालावर राहिले. १९८० ची अक्ती आली, त्या वर्षी मी कॉलेजात जाणार होते. मी बाबांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "बाबा, मी सालावर लागले."

"कोनाच्या घरी?" बाबा दचकलेच.

"पुस्तकांच्या घरी. वर्षाला वीस वाचायची."

माय सूप पाखडत होती. ती म्हणाली, "वीस मंजे खंडी झाली. वीस कुडवाची खंडी. धान मोजतो तसं मी मोजतो तुयी पुस्तकं." तिने एक गाडगे घेतले. मी पुस्तक संपवले की ती त्यात लाखोळीचा एक दाणा टाकायची. मी वहीत लिहायची ते वेगळेच.

वर्ष संपायला एक दिवस उरला. माझ्या वहीत वीस पुस्तके. गाडग्यात दाणे एकोणीस.

"माय, तू एक दाणा टाकायला विसरलीस."

"मी कायले विसरू? माये दाने बरोबर आहेत."

मी कॉलेजात शिकणारी मुलगी, पण स्वतःच्या वहीपेक्षा मायच्या गाडग्यावर माझा विश्वास जास्त. वाटले, एखादे पुस्तक मीच दोनदा लिहिले असेल. घरात न वाचलेला छापील कागद उरला होता तो एकच, कवडूचे वेळापत्रक. ते मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत अथपासून इतिपर्यंत वाचले. आजही कोणी विचारले तर हावड्याची गाडी कुठे किती थांबते ते सांगेन. संध्याकाळी मी माझ्या हाताने विसावा दाणा टाकला आणि रडले.

माय म्हणाली, "आता तं एकवीस झाले."

"कसे?"

"लाभाचा दाना कोन मोजन? तो देवाजवळ आहे."

धान मोजताना पहिल्या मापाला आम्ही 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. आमच्या घरी तर ते माप राशीत टाकतच नाहीत, बाजूला ठेवतात, आणि दारी येईल त्याच्या पदरात घालतात. मायने पहिल्या पुस्तकाचा दाणाही तसाच देव्हाऱ्यात ठेवला होता. ती म्हणाली, "लाभ आपला नसते पोरी. पयलं पुस्तक दुसऱ्याच्या घरी गेलं पायजे."

तेव्हापासून वर्षाचे पहिले पुस्तक मी दरसाल कोणाला तरी देते. पहिल्या वर्षाचे सोडून. ते कलम सातमध्ये.

कलम चार. किराणा दुकानदार भय्याजी यांना माझ्याकडील जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा द्यावा, निःशुल्क, हवे तर डोक्यावर वाहून न्यावा. अट एकच: यापुढे पुड्या बांधायला पुस्तक फाडू नये. माझ्या आयुष्यातल्या सर्वात आवडत्या पुस्तकाची पहिली सोळा पाने त्यांनी, मी ते त्यांच्या रद्दीतून सोडवण्याआधीच, हळदीच्या पुड्यांसाठी फाडली. मी मुखपृष्ठाची चौकशी केली तेव्हा ते म्हणाले, "पोरी, नाव वाचून हळद पिवळी होते का?" मला अजून त्या पुस्तकाचे नाव माहीत नाही. हा राग मी पाच वर्षे जपला. आज तो गठ्ठ्यासोबत त्यांच्याच स्वाधीन करते.

कलम पाच. पेटी आणि तिच्यातली माझी एकसष्ट पुस्तके गावाच्या उपयोगासाठी सपरीतच राहावीत. पेटीला कुलूप लावू नये. ज्या पुस्तकांवर भंडाऱ्याच्या वाचनालयाचा शिक्का आहे ती तीन पुस्तके परत करावीत, आणि उशिराबद्दल माझ्या वतीने गोड बोलावे.

कलम सहा. माझी वाचनाची वही. पाच वर्षांचा हिशेब तिच्यात आहे: एक खंडी, एक खंडी, परीक्षेच्या वर्षी जेमतेम पंधरा, मग दीड खंडी, आणि यंदा दोन खंडी! दर वर्षाच्या शेवटी मी त्या सालाचे आवडते पुस्तक निवडते आणि त्याचे नाव लाल शाईने लिहिते. हे काम वाचण्यापेक्षा अवघड. ताऱ्यांविषयीचे एक पुस्तक होते, त्याने मला आठवडाभर अंगणात मान वर करून फिरवले. एक कवितांचे होते, ते अर्धे कळले आणि पूर्ण आवडले. गेल्या वर्षी दोन पुस्तकांत निवड होईना, तर मी दोन्ही मायला थोडे थोडे वाचून दाखवली. एक ऐकताना ती उठून गाईला वैरण टाकून आली. दुसरे ऐकताना गाय हंबरत राहिली. निवड झाली.

ही वही त्या मुलीला द्यावी, जी अक्तीच्या दिवशी माझ्या बाबांसमोर उभी राहून मोठ्याने आकडा सांगेल. जात, वय, इयत्ता पाहू नये. आकडा पाच असला तरी चालेल. मात्र सांगताना आवाज खणखणीत पाहिजे.

यंदाची दोन खंडी पुरी व्हायला एकच पुस्तक कमी आहे. चाळिसाव्या पुस्तकाच्या एकसष्टाव्या पानावर मी आहे. अक्तीला पंधरा-सोळा दिवस आहेत, आणि मधे ते ऑपरेशन.

कलम सात. ~माझे सर्वात आवडते पुस्तक, म्हणजे दीपगृहाच्या राखणदाराचे, पहिली सोळा पाने नसलेले, माझी आई पार्वताबाई हिला द्यावे.~

वरील कलम मी खोडले आहे. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. खोडण्याचे कारण सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे कोणाला शंका राहू नये.

हे पुस्तक मी सालावर लागले त्या वर्षीचे पहिले. समुद्रातल्या खडकावर एक माणूस एकटा राहतो आणि रोज दिवा लावतो, एवढीच गोष्ट. पण मी ते मायला वाचून दाखवले आणि आमच्या घरात समुद्र आला. माय मधेच विचारायची, "एवढं पानी, अन् धान नाही लावत?" मी म्हणायची, खारे असते. ती म्हणायची, "मंग कायच्या कामाचा तलाव तो!" आणि लगेच, "वाच, वाच. दिवा लागला का त्याचा?"

ऐकायला शेजारची बेबी यायची. माझ्याच वयाची, सातवीनंतर शाळा सुटलेली. १९८२ साली तिचे लग्न होऊन ती दिघोरीला गेली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "पंचफुले, ते दिव्यावाल्याचं पुस्तक मले दे ना. तुया लाभच तं आहे तो."

मी म्हणाले, हरवले.

ते पेटीत तळाशी होते. लाभ दुसऱ्याचा असतो हे मला तेव्हा माहीत होते. मी पुस्तकांबद्दल सगळ्यांना मोठ्या गोष्टी सांगते, आणि एका मुलीने आयुष्यात मागितलेले एकमेव पुस्तक मी तिला दिले नाही. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेले नाही.

आता मायचे. महिन्याभरापूर्वी डॉक्टरांनी आवाजाचे सांगितले, तेव्हा ती सोबत होती. आंधळगावच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाली, "तुया आवाज गेला तं मले कोन वाचून दाखवन?"

मी पिशवी उचलून चालू लागले.

"थांब ना. शिकव मले. मंग मी तुले वाचून दाखवतो."

पाच वर्षे मी तिच्या मागे लागले होते, शिक म्हणून. दर वेळी उत्तर एकच, "माया डोक्याची ढोली भरली, आता दाना मावत नाही." आणि आता ती दुपारी कोळसा घेऊन खरोखरच्या ढोलीवर अक्षरे काढते! धानाच्या कणगीभोवती आमच्या घरी बाराखडी गोल फिरते आहे. बाबा म्हणतात, "धान काढाले गेलो तं पयले 'ख' लागते." काल तिने दीपगृहाच्या पुस्तकातल्या चार ओळी एका बैठकीत वाचल्या. बोट ठेवून, अडखळत, पण वाचल्या! मी इतक्या उड्या मारू लागले की तिने दटावले, "गळा सांभाळ वो."

म्हणून ते पुस्तक मी तिच्या नावे केले होते. मग आज दुपारी परसराम हटवार गुरुजींना मसुदा दाखवला. गुरुजी निवृत्त शिक्षक. कॉलेजात जाईपर्यंत माझी सगळी पुस्तके त्यांच्याच कपाटातली. ते म्हणाले, "दोन साक्षीदार लागतात. एक मी. पण ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये, पुढे वाद होतात." मग आम्ही दुसरा साक्षीदार शोधू लागलो, तर ज्याला मी काही ठेवले नाही असा ओळखीचा माणूस सापडेना. बाबांना प्रमाणपत्र, कवडूला पेन, भय्याजींना गठ्ठा.

मी माय, बाबा आणि गुरुजींसमोर मसुदा मोठ्याने वाचला. कलम सातपाशी आल्यावर कागद खाली ठेवला. बेबीचे सगळे सांगून टाकले.

मायने गाडग्यातले दाणे खालीवर केले. मग म्हणाली, "बेबीचा लाभ बेबीले दे. मले नको. चष्मा तं तुया बाप घेऊन देईन, त्याले कायची धाड भरली?"

"देईन ना," बाबा म्हणाले.

"झालं. मले या कागदातून काईच भेटत नाही. आता मी सही करतो."

गुरुजी म्हणाले, "पार्वताबाई, अंगठाही चालतो."

"तुमाले चालते, गुरुजी. मले नाही चालत."

त्यामुळे कलम दोन आणि कलम सात रद्द. पोस्टातली बचत वाचनालयाच्या दंडासाठी ठेवावी. उरेल त्याची पुस्तके घ्यावीत.

कलम आठ. दीपगृहाचे पुस्तक दिघोरीच्या बेबीबाईचे आहे. माझ्या मरणाची वाट पाहू नये. कवडू उद्या रविवारी सायकलने जाऊन देऊन येईल. गुरुजींनी विचारले, मग मृत्युपत्रात लिहितेस कशाला? मी म्हणाले, खोटे बोलले होते ते लेखी असू दे. पुस्तकात मी चिठ्ठी ठेवली आहे: "बेबी, हरवले नव्हते. मी लपवले होते. सुरुवातीची सोळा पाने नाहीत, ती तू तुझ्या मनाने सांग."

कलम नऊ. माझा आवाज. तो राहिला तर माझाच. गेला तर चाळिसाव्या पुस्तकाची एकसष्ट पानांपुढची सगळी पाने माय मला वाचून दाखवेल. अक्तीपर्यंत पुरी झाली नाहीत तरी ती खंडीत धरावीत. पुढच्या सालाचा आकडा आम्ही दोघी मिळून सांगणार आहोत, आणि तो सांगायला एक आवाज पुरेल.

वरील मजकूर मी वाचून दाखवला, सर्वांनी ऐकला, तो बरोबर आहे. मी सर्वांसमोर सही केली, आणि साक्षीदारांनी माझ्यासमोर.

सही: पंचफुला यादोराव गभणे

साक्षीदार:

१. परसराम हटवार, निवृत्त शिक्षक, आंधळगाव

२. पार्वताबाई यादोराव गभणे, आंधळगाव. (स्वहस्ते. 'र्व' दोनदा गिरवला आहे, ती खाडाखोड समजू नये.)

ठिकाण: आंधळगाव

दिनांक: ६ एप्रिल १९८५