हात मागे

४ मार्च
स्वयंसेवकांचं प्रशिक्षण संपलं. फुकट आहे म्हणाले होते. खरी किंमत अशी — दुकानाची किल्ली लेकाकडे गेली, बायकोनं आठवडाभर अबोला धरला, आणि लेकीच्या वयाच्या मास्तरीणबाईंचं रोज ऐकून घेतलं, "काका, हात मागे!" स्वयंसेवकानं शिकवायचं, स्वतः करायचं नाही, हा त्यांचा धोशा. मी मान डोलावली. जन्मभर पंपाच्या पोटात हात घालून घर उभं केलं, आता म्हणे हात मागे!

निघताना बायको बोलली एकदाची. "लोक या वयात नातवंडं सांभाळतात. तुम्ही सांभाळा परमुलखातले पंप."

९ मार्च
पोचलो. दवाखान्यामागे खोली. खिडकी लागत नव्हती. चहाच्या आधी कडी ठोकून बसवली. बरं वाटलं.

१० मार्च
अख्ख्या दवाखान्याचं पाणी एका पंपावर. तो सांभाळायला कपडे धुण्याच्या खोलीतली बाई आणलीय. नवरा नाही, पदरात दोन पोरं. पावसाळ्याआधी तिला काम जमलं तर नोकरी पक्की. नाही तर पंप शहरातल्या ठेकेदाराकडे आणि बाई घरी. व्यवस्थापकानं हे तिच्या तोंडावरच सांगितलं. माणूस वाईट नाही, जीभ तेवढी पत्र्याची.

१८ मार्च
पंप पाणी उचलेना. बाई पान्हा घेऊन बसली, नट उलटा फिरवतेय! मला बघवेना. पान्हा घेतला, सांधा आवळला, पाणी सुरू. नर्सबायांनी टाळ्या वाजवल्या. घरी फोन लावला, "माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही!"
बायको म्हणाली, "आणि इथलं मजेत हलतंय."

२ एप्रिल
पुन्हा पंप. पुन्हा मी. पुन्हा टाळ्या.

११ एप्रिल
माझे कान मेले तिखट. भिंतीपलीकडून व्यवस्थापक बाईला विचारत होता, "काका गेल्यावर काय करशील? ठेकेदाराला सांगून ठेवू का?"
ती म्हणाली, "काका पान्हा हातात राहूच देत नाहीत, साहेब. शिकू कशी?"
आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

१२ एप्रिल
मुद्दाम सांधा सैल केला आणि रुमालानं स्वतःचे हात पाठीमागे बांधून घेतले. बाई हसायला लागली. "काका, अटक झाली?"
"झाली. आधी पंप सोडव, मग मला."
तिनं भलताच नट कसला. पाण्याची चिळकांडी थेट माझ्या तोंडावर! तोंड खांद्याला पुसलं.
"बोला ना काहीतरी!"
"कान लाव. हवा कुठून ओढतोय?"
तिनं पाइपला कान लावला. डोळे मिटले. बराच वेळ. मग बोट ठेवलं — तिथंच!

२९ एप्रिल
बेअरिंग तिनं बदललं. हातोडी बोटावर बसली. अशी शिवी हासडली की मी वहीत लिहिणार नाही. काम सोडलं नाही. माझे हात शिवशिवतात अजून. रुमाल खिशात ठेवतो.

१६ मे
माझ्या इथं राहण्याच्या परवान्याच्या नोंदणीसाठी दिवसभर शहरात. संध्याकाळी परतलो तर फाटकातच व्यवस्थापक — बाईची नोकरी पक्की! सकाळी पंप बंद पडला होता. दुपारच्या आत तिनं चालू केला.

मला फोन करायचं कुणाला सुचलंच नाही.